हिरवं लुगडं

तारापूरला वीजघराचं काम निघालं, त्या वर्षीची गोष्ट. जाळ्यांखाली दडवलेलं हिरवं लुगडं मला सापडलं, तेव्हा बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. "तुज्या आयसाटी हाय. पुनवेला देईन. बोलू नको." मी कसली बोलते! उलट गुरुजींनी शिकवलं होतं तसा कागद दुमडून बाबांसाठी कार्ड करायला बसले. आत आमची होडी काढली, शिडावर घोळ माशाचे खवले भाताच्या शितांनी चिकटवले आणि होडीपाशी नारळ घेतलेली आय काढली. तिच्या लुगड्यावर घेवड्याचा पाला चोळून चोळून हिरवा रंग आणला. नारळी पुनवेला होडीची पूजा होडीवाल्याची बायकोच करते, आमच्यात तशीच रीत. त्या दिवशी बाबा सकाळीच निघून गेले. आय जुन्या लुगड्यात, नारळ पुसून वाट बघत बसली. दुपार कलली तशी म्हणाली, "जा गो, बाबांना इचार, मी कदी येऊ?" मी कार्ड घेऊन दांडी गावच्या किनाऱ्यावर धावले. होडी फुलांनी सजली होती. नारळ केव्हाच समुद्रात गेला होता. रिकामं ताट घेऊन बाबांच्या शेजारी एक अनोळखी बाई उभी होती, हिरव्या लुगड्यात. माझ्या हातातलं कार्ड तिनेच घेतलं, उघडलं आणि हरखली. "अवो, बगा तरी! पोरीनं मला काढलंय." तिच्या पाठीमागून बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.