ओठ हलवण्याची शिष्यवृत्ती

"अहो मोने, परीक्षक आहात तुम्ही! कानातला कापूस काढा!" गायनवृंदाच्या बाई माझ्या कानाशी ओरडल्या.

नाही काढला. शाळेत मला गाणं शिकवणाऱ्या आठल्ये सरांच्या स्मरणार्थ ही शिष्यवृत्ती मी ठेवलेली, वर्षभराची गाण्याची शिकवणी. मग परीक्षाही माझ्याच पद्धतीने. स्टेजवर तीस मुलं गात होती आणि मी फक्त तोंडं बघत होतो. मागच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी सगळ्यांपेक्षा मोठं तोंड उघडत होती, पण तिच्या गळ्याची शीर एकदाही हलली नाही.

गाणं संपल्यावर मी बोळे काढले आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

बाई हादरल्या. "शाल्मली? अहो, बेसूर आहे ती! मीच सांगितलंय, नुसते ओठ हलव म्हणून. पुढच्या महिन्यात वृंदातून काढणारच आहे तिला."

"आठल्ये सरांनी मलाही हेच सांगितलं होतं. सहा वर्षं हलवले ओठ."

"आणि त्यांच्याच नावाने शिष्यवृत्ती?"

"मग आणखी कुणाच्या नावाने ठेवणार?"

शाल्मलीने प्रमाणपत्र दोनदा वाचलं, मग हळूच विचारलं, "काका, म्हणजे आता आवाज काढायचा?"

"काढ की."

तिने काढला. डोळे मिटून, अगदी पोटातून.

बाईंनी माझ्यापुढे हात पसरला. मी एक बोळा दिला. दुसरा खिशात टाकला. एका कानाने तरी त्यांनी ऐकायलाच हवं होतं.