मंजुरी नसलेला फोन

आजी कॉर्डलेस फोनवर बोलू लागल्या, की शेजाऱ्यांचा रेडिओ खरखरायचा. तक्रार गेली आणि दुपारी तपासनीस आला. फोनवर सरकारी मंजुरीचा शिक्काच नव्हता.

"आजी, हा जप्त करावा लागेल."

"आधी ह्यांना सांगू दे. नाहीतर जिवाला घोर लावून घेतील."

आजोबांना जाऊन सहा वर्षं झाल्याचं शेजाऱ्यांनी तपासनीसाला सांगितलं होतं. तरी त्याने प्लग ओढला, बॅटरी काढली आणि फोन पिशवीत घातला.

भिंतीपलीकडे रेडिओ खरखरला. त्यातून थकलेला आवाज आला, "अगं, आज फोन नाही केलास?"

आजींनी दोन्ही हात भिंतीवर टेकले. "इथंच आहे हो मी!"

रेडिओतला आवाज कापरा झाला, "काहीच ऐकू येत नाही गं. कुठं आहेस तू?"