छातीतला पाहुणा

गॅलरीत चहा देताना स्वयंपाकाच्या हौसाबाईंना पुन्हा खोकल्याची उबळ आली, चहा बशीत सांडला आणि सुमंत वैतागला. "बाई, आता तरी विडी सोडा!"

"विडीला कधी शिवले नाही, साहेब." त्यांनी मनगटावरचा पट्टा दाखवला. "कुणी मोठा माणूस सिगारेट ओढतो, त्याचा त्रास माझ्या छातीत उतरतो. कंपनी पगार देते, नाव सांगत नाही."

सुमंतने सवयीने हातातल्या सिगारेटचा झुरका घेतला. त्यांच्या पट्ट्यावर लाल दिवा लागला. त्याच्या बाहीखालच्या पट्ट्यावरही लागला. हौसाबाई खोकून खोकून वाकल्या. त्याने घाईघाईने सिगारेट चिरडली आणि बाही खाली ओढली.

हौसाबाईंना मोकळा श्वास आला.

"थांबला बघा," त्या कौतुकाने म्हणाल्या. "देवमाणूस असणार हो!"