शिपायाचा चार्ज

शेणवे गावच्या बँकेतले शिपाई कोंडूमामा रिटायर झाले, तेव्हा मॅनेजर सुरेंद्र हसून म्हणाला होता, "शिपायाकडून कसला चार्ज घ्यायचा? किल्ल्या ठेवा टेबलावर आणि निघा."

वर्षभरात वसुली निम्म्यावर आली. वीटभट्टीवर मजुरीला गेलेलं कोण कधी परततं, कुणाला दिलेलं कर्ज बुडत नाही, हे मामांना तोंडपाठ होतं; एकाही फाइलीत नव्हतं. शाखा बंद करायचं पत्र आलं, तसा सुरेंद्र कोरी वही घेऊन मामांच्या घरी गेला.

मामा खाटेवर होते. साहेबाला बघून त्यांचे ओठ नुसतेच हलले.

"अंगावरून वारं गेलं, बोलता येत नाय आता," त्यांची बायको रंभा म्हणाली. "रिटायर झाले त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बँकेच्या पायरीवर बसून होते, साहेब. तुमी चार्ज घ्यायला बोलवाल म्हणून."