जोडीशिवाय मास्क नाही

"जोडी आल्याशिवाय मास्क नाही," हनीफचाचा म्हणाला आणि त्याने टोपली पायानेच मागे सरकवली.

मंजुषा वाद घालत बसली नाही. खोर फक्कानच्या किनाऱ्यावर पोहायचे मास्क आणि श्वासाच्या नळ्या भाड्याने देणारा हा म्हातारा एकट्या माणसाला पाण्यात सोडायचाच नाही. एक जण असाच एकटा खडकांकडे गेला होता, तो परत आला नाही. तेव्हापासून गोरा साहेब येऊ दे नाहीतर अरब, नियम एकच. दोघांनी जायचं, आणि डोकं वर काढलं की आधी दुसऱ्याची नळी शोधायची. "नली दिखी तो खैरियत," चाचा म्हणायचा.

ती वाळूत बसली. तसंही आज तिला पोहायचं नव्हतं. सांगायचं होतं.

पहिल्यांदा आली तेव्हाही चाचाने तिला असंच हाकललं होतं. शेजारी अंगभर पोहण्याचा सूट घातलेली एक बाई त्याच्याशी कडाकडा भांडत होती. "हमेशा तो देते थे!" चाचाही ओरडला, "तब तेरा आदमी साथ में था!" मग त्याचं लक्ष मंजुषाकडे गेलं. त्याने दोघींच्या हातात एकेक मास्क कोंबला. "यल्ला, तुम दोनों जाव. मेरा सर मत खाव."

ती जुलेखा. रत्नागिरीची, इथल्याच एका क्लिनिकमध्ये कामाला. नवरा आता कतारला असतो, एवढंच बोलली. आणि मग, "ताई, काचेत थुंका."

"शी! काय?"

"थुंका आणि चोळा. नाहीतर मासे राहतील बाजूला, नुसतं धुकं बघत बसाल."

त्या दिवसापासून मंजुषा दर शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, दुबईतल्या देऱ्याहून डोंगर ओलांडून गाडी हाणत यायची. पाण्यात जुलेखा तिचं मनगट धरून दाखवायची. हा पोपटी मासा, तो वाळूत लपलेला चपटा. एकदा कासव दिसलं, तेव्हा दोघी नळीतून इतक्या हसल्या की नाकातोंडात खारं पाणी गेलं. पाण्यात बोलता यायचं नाही. मंजुषाला तेच तर हवं होतं.

दुबईत तिच्याशी तसंही कोणी बोलत नव्हतं. मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि कंपनीने माणसं काढायचं काम एचआरच्या मंजुषाच्या गळ्यात घातलं. काचेची केबिन, टेबलावर टिश्यूचा डबा. बाहेरून सगळ्यांना सगळं दिसायचं. तिचा एक्स्टेंशन नंबर फोनवर झळकला की समोरचा आधी ड्रॉवर आवरायला घ्यायचा. पुढे पुढे ती लिफ्टमध्ये शिरली की लोक आपापले मोबाईल काढायचे. मंडळाच्या गणपतीत ती सतरंजीवर बसली, तर बाजूच्या बायका 'प्रसादाचं बघतो' म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. आणि फ्लॅटवर तर कोणीच नव्हतं.

केबिनमध्ये कोण रडलं, कोणी शिव्या घातल्या, ते ती विसरली होती. एकाला तेवढी विसरली नव्हती. ड्राफ्ट्समन होता, गप्प पोरगा. त्याने सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि म्हणाला, "मॅडम, आज गुरुवार आहे. हे शनिवारी सांगितलं असतं तर चाललं नसतं का?" मंजुषाला वाटलं, धक्क्याने ह्याचं डोकं फिरलंय.

जुलेखाने एकदा विचारलं होतं, "ताई, तुम्ही काय करता?" मंजुषा पटकन म्हणाली, "शाळेत आहे." खरं कळलं की हीसुद्धा उठून जाणार, तिला खात्री होती.

आणि काल तिलाच केबिनमध्ये बोलावलं. टिश्यूचा डबा तिनेच आणून ठेवलेला होता.

"काय ताई, एवढ्या लवकर?" जुलेखा चपला हातात घेऊन वाळूतून येत होती. चाचाने तिला लांबूनच पाहिलं आणि दोन मास्क काढून ठेवले. जुलेखाने ते उचलले, एकात थुंकून चोळायला लागली. "चला की! आज पाणी बघा, काचेसारखं आहे. आज कासव नक्की दिसणार."

"जुलेखा, थांब. मी शाळेत नाही."

जुलेखाचा अंगठा काचेवर फिरत राहिला.

"मी एचआरमध्ये होते. लोकांना काढायचं काम माझ्याकडे होतं. आता मलाही काढलंय. पुढच्या शुक्रवारी मी इथे नसेन. जाताना खोटं ठेवून जायचं नव्हतं, म्हणून..."

"एचआर ते माहितीय," जुलेखा म्हणाली. "तुमच्या कंपनीच्या ॲन्युअल पार्टीत लकी ड्रॉचा मिक्सर तुमच्याच हातून घेतला होता. नवऱ्याबरोबर आले होते मी. चांगला आहे मिक्सर, अजून चालतो."

मंजुषा वाळूतून उठून उभी राहिली. "म्हणजे पहिल्या दिवसापासून... आणि तरी तू... माफ केलंस मला?"

"माफ?" जुलेखा भडकलीच. "माफ-बिफ काही नाही हां! पहिल्या दिवशी वाटलं होतं, खडकांपाशी न्यावं आणि तिथेच सोडून यावं."

"मग?"

"मग काय? एकटीला मास्क देतो का तो?"

चाचा टोपलीपाशी उभा राहून दोघींकडे बघत होता. जुलेखाने तो चोळलेला मास्क न घालताच परत टोपलीत टाकला. पाण्याकडे बघत ती एकदम हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, आज शुक्रवार आहे. हे उद्या सांगितलं असतं तर चाललं नसतं का?"