सायमनचे अल्बम

बोटीवरून रजेवर वसईला येताना सायमन लाडक्या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम आणायचा. त्याची बोट बुडाली, तो सापडला नाही. पण ‘गेला’ हा शब्द आई रोझाबाईने घरात कुणाला उच्चारू दिला नाही. इंग्रजीचं अक्षर न कळणारी ती बँडचा प्रत्येक नवा अल्बम मागवून त्याच्या कपाटात ठेवायची. “मधला एखादा राहिला तर आल्यावर डोकं खाईल माझं,” म्हणायची.

परवा मुलगी मोनिका मोबाईलवर वाचून म्हणाली, “आई, त्यांनी बँड मोडला गं. आता नवं काही निघणार नाही.”

रोझाबाई कितीतरी वेळ कपाटापाशी उभी राहिली. मग पदर तोंडाशी धरून खाली बसली.

“फादरना सांग,” ती म्हणाली, “सायमनच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवायची आहे.”