काकांची साखळी

ट्रॅक्टर दुरुस्ती नुकतीच शिकू लागलेल्या लेकीने घरच्याच जुन्या ट्रॅक्टरला हात घातला. डिझेलच्या नळीतली हवा काढली, फिल्टर धुतला, तरी सेल्फ ढिम्म. शेवटी बॅटरीची तार सैल सापडली. ती आवळताच इंजिन एका दमात धडधडलं.

वाटणी झाल्यापासून सख्खे काका वडिलांशी बोलत नसत. तरी रोज सकाळी आपल्या ट्रॅक्टरला साखळी बांधून हा जुना ट्रॅक्टर ओढून चालू करून देत. आजही साखळी घेऊन निघालेले काका आवाज ऐकून कुंपणाशी थबकले आणि माघारी वळले.

"बाबा, एवढीशी तार दिसली नाही होय तुम्हाला? डोळे तपासून घ्या!"

"मीच सैल ठेवली होती गं," वडील भावाच्या पाठीकडे बघत म्हणाले.

तिने पाना उचलला. "परत सैल करते."

"राहू दे. त्याने इंजिनाचा आवाज ऐकलाय."